गोल्फचं किट: दुकानात जाऊन काय घ्यायचं, ऑनलाइन काय मागवायचं

माझी उंची पाच फूट आठ इंच. कॉलेजपासून बॅडमिंटन खेळत आले, त्यामुळे मनगटात जोर आहे. गोल्फ सुरू केलं तेव्हा एका संकेतस्थळावर क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, ‘लेडीज सेट’ दिसला, किंमत बरी वाटली, मागवून टाकला. पुढचा महिनाभर रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, माझा दर दुसरा शॉट डावीकडे वळत होता. शिकवणाऱ्या सरांनी पकड बदलून पाहिली, उभं राहणं बदलून पाहिलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या बॅगेतला सात नंबरचा आयर्न (धातूच्या चपट्या पात्याचा क्लब) माझ्या हातात दिला आणि दहातले सात बॉल सरळ गेले. ‘लेडीज’ या शिक्क्याचा अर्थ होता आखूड लांबी, हलकं वजन आणि सगळ्यांत लवचीक शाफ्ट, म्हणजे दांडा. माझ्या अंगाला त्यातलं काहीच बसत नव्हतं. विक्रेत्याने सेट परत घेतला नाही, कारण क्लबहेडवरचं (बॉलला लागणाऱ्या टोकावरचं) प्लास्टिक मी काढून टाकलं होतं. माल सदोष नव्हता, माझ्या मापाचा नव्हता एवढंच. त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

तेव्हापासून नवीन कुणी विचारलं, ‘दुकानातून घेऊ की ऑनलाइन?’ तर मी आधी उलट विचारते, ‘माप माहीत आहे का?’ माप माहीत असेल तर जिथे स्वस्त आणि खात्रीचं मिळेल तिथून घ्या. नसेल तर माप काढणाऱ्या माणसाकडे आधी जा. खालचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे. क्रमाने वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

पहिले दोन महिने काहीच घेऊ नका

हे सांगितलं की नव्या माणसाचा चेहरा उतरतो, पण पैसे इथेच सर्वांत जास्त वाचतात. ड्रायव्हिंग रेंजवर क्लब भाड्याने किंवा शिकवणीबरोबर मिळतात. सभासदत्व नसलं तरी अडत नाही. सिडकोच्या खारघर गोल्फ कोर्ससारख्या ठिकाणी फी भरून कुणालाही खेळता येतं. आठ-दहा तास प्रशिक्षकाबरोबर काढा. मैदानावर बॅग वाहणारे कॅडी ज्याला स्टिक म्हणतात त्या क्लबांपैकी सुरुवातीला फक्त सात नंबरचा आयर्न आणि पटर (बॉल होलकडे घरंगळवायचा क्लब) हातात असला तरी पुरतं. पहिल्या महिन्यातला स्विंग आणि तिसऱ्या महिन्यातला स्विंग यांत इतका फरक पडतो, की पहिल्या महिन्यात काढलेलं माप पुढे उपयोगाचं राहत नाही.

या काळात घ्यायचा तो फक्त ग्लोव्ह, आणि तोही दुकानात हातात घालून. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हाताचा असतो. ऑनलाइन घेताना पहिली चूक बहुतेकांची इथेच होते.

एक वही करा

फोनमधली नोंदही चालेल, पण मला वही बरी वाटते. दुकानात टेबलावर उघडी ठेवता येते. तिच्यात पुढची मापं लिहायची.

उंची. त्यानंतर मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर. हे दुसऱ्याकडून मोजून घ्या. सपाट तळाचे बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, आणि मनगट आणि तळवा जिथे मिळतात त्या आडव्या रेषेपासून फरशीपर्यंत टेप लावायची. स्वतः वाकून मोजलंत तर खांदा खाली येतो आणि माप चुकतं. माझं अंतर ३४ इंच भरलं, म्हणजे पुरुषांची प्रमाणित लांबी मला सरळ चालते. पुरुषांचा सात नंबरचा आयर्न साधारण ३७ इंचांचा असतो, महिलांचा त्याहून सुमारे एक इंच कमी. उंच माणसाचे हातही लांब असतील तर त्याला जादा लांबीचा क्लब लागत नाही. उंची एकटी पुरत नाही ती यासाठीच.

हाताचा घेर, बोटांच्या गाठींवरून, अंगठा सोडून. मधल्या बोटाची लांबी. ग्लोव्हचा आणि ग्रिपचा, म्हणजे क्लबच्या मुठीचा, आकार यावरून ठरतो. ग्रिप बारीक असेल तर मनगट जास्त फिरतं, जाड असेल तर कमी. हात मोठा असलेल्यांनी मिडसाइझ ग्रिप एकदा पकडून पाहावी.

स्विंगचा वेग. हा घरी कळत नाही, दुकानातल्या किंवा रेंजवरच्या लाँच मॉनिटरवर, म्हणजे शॉट मोजणाऱ्या यंत्रावर, कळतो. ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारायच्या क्लबचा) वेग ताशी ८५ ते ९५ मैलांच्या आसपास असेल तर सहसा रेग्युलर शाफ्ट, त्याहून बराच जास्त असेल तर स्टिफ, कमी असेल तर सीनियर किंवा लेडीज फ्लेक्स (शाफ्टचा लवचीकपणा) सुचवतात. पण फ्लेक्सचं सर्व कंपन्यांना लागू असं प्रमाण नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक लागू शकतो. म्हणून वहीत नुसतं ‘रेग्युलर’ लिहू नका, शाफ्टचं मॉडेल आणि ग्रॅममधलं वजन लिहा. स्टीलचे आयर्न शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅमचे, ग्रॅफाइटचे ५० ते ८० ग्रॅमचे. ज्यांचं कोपर किंवा मनगट दुखतं त्यांना ग्रॅफाइट पुष्कळदा मानवतं, कारण हाताला बसणारा झटका कमी होतो.

दुकानात गेल्यावर काय करायचं

पुण्या-मुंबईत खास गोल्फची दुकानं आहेत, मोठ्या मैदानांवर त्यांचं स्वतःचं दुकान, प्रो शॉप, असतं. बाकी महाराष्ट्रात मैदान असलं तरी दुकान जवळ असेलच असं नाही. नाशिक, नागपूर किंवा कोल्हापूरहून येणार असाल तर फोन करून फिटिंगची वेळ ठरवूनच निघा. शनिवार-रविवार टाळा. गर्दीत कुणीही नीट मोजत नाही.

गेल्यावर रेंजवर मारता तसे आधी पंधरा-वीस बॉल मारून अंग मोकळं करा. मग एकाच क्लबने दहा बॉल मारा. त्यातला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सोडून द्या. उरलेले आठ कुठे पडले ते बघा. विक्रेता तुम्हाला स्क्रीनवरचा सर्वांत लांब गेलेला आकडा दाखवील. तुम्ही मात्र आठही बॉल एकमेकांच्या किती जवळ आहेत ते पाहा. मैदानावर तुमचा नेहमीचा शॉटच कामाला येतो.

क्लबच्या तोंडावर पांढरी पावडर मारायला सांगा. पायाची पावडर मिळते ना फवाऱ्याची, तीच चालते. प्रत्येक शॉटनंतर त्या पांढऱ्या थरात बॉलचा गोल ठसा उमटतो, खळग्यांच्या नक्षीसकट. माझे ठसे आधीच्या सेटवर हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, दाटीने पडायचे. दुसरा क्लब हातात आल्यावर ते सरकत सरकत मधोमध आले. सर जे महिनाभर सांगत होते ते त्या पांढऱ्या तोंडावर पाच मिनिटांत दिसलं.

मग लाय, म्हणजे शाफ्ट आणि क्लबहेडचा तळ यांमधला कोन. बॉलवर मार्करने एक जाड उभी रेघ काढायची, ती क्लबच्या तोंडाकडे करून ठेवायची आणि मारायचं. तोंडावर उमटलेली रेघ सरळ उभी असेल तर लाय बरोबर. तिचं वरचं टोक ‘टो’च्या बाजूला, म्हणजे शाफ्टपासून लांबच्या बाजूला, कललं असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल अशा वेळी डावीकडे जायला बघतो. हीलकडे कललं असेल तर क्लब जास्त आडवा आहे. आयर्नची लाय दुकानात यंत्रावर वाकवून एक-दोन अंश बदलता येते. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) क्लब सहज वाकतो, कास्ट (ओतीव) क्लबला मर्यादा असते. हे काम तिथेच होतं का, की बाहेर पाठवतात, हे विचारून घ्या.

आणखी काही थेट विचारायच्या गोष्टी: फिटिंगची फी किती, खरेदी केल्यास ती बिलातून वजा होते का? लाय आणि ग्रिपचे बदल किमतीत धरलेत का? कंपनीची हमी किती, आणि दुकान त्या कंपनीचं अधिकृत विक्रेता आहे का? डेमो क्लब एक दिवस मैदानावर न्यायला मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारं दुकान सापडलं तर ते सोडू नका. जाळीत मारलेला शॉट आणि हिरवळीवरून मारलेला शॉट यांत फार फरक असतो.

मोजून घेतलंत, तर त्याचे पैसे द्या

याबद्दल मला मनापासून वाटतं, म्हणून थोडं थांबून लिहिते. दुकानात दीड तास माप काढून घ्यायचं, मॉडेल ठरवायचं आणि तिथेच उभं राहून फोनवर तीन हजार कमी दिसले म्हणून ऑर्डर टाकायची, हे मी पुष्कळांना करताना पाहिलंय. त्या माणसाने वीस वर्षं क्लब वाकवून, शाफ्ट बदलून मिळवलेलं ज्ञान तुम्ही फुकट उचलता. अशी दुकानं बंद पडली तर पुढच्या वेळी तुमचं माप काढायला कुणी उरणार नाही.

ऑनलाइनच घ्यायचं असेल तर ते आधी सांगा: ‘मला फक्त फिटिंग हवं आहे, त्याची फी काय?’ बहुतेक ठिकाणी याला नकार नसतो. फी भरा, मापांचा कागद लेखी घ्या, आणि मग मोकळ्या मनाने जिथून हवं तिथून मागवा. आणि एकदा दुकानदाराला संकेतस्थळावरची किंमत दाखवून सरळ विचारा, ‘याच्या किती जवळ येऊ शकाल?’ मागच्या वर्षीच्या मॉडेलवर ते बऱ्याचदा जवळ येतात.

ऑनलाइन पान वाचताना

फोटो शेवटी बघा. आधी हे तपासा.

डावा की उजवा. डावखुऱ्या खेळाडूंना दुकानात माल क्वचित मिळतो, त्यांना ऑनलाइन हाच मोठा आधार, पण चुकून दुसऱ्या हाताचा माल येण्याची भीतीही त्यांनाच जास्त.

लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा उतार, अंशांत. हा मुद्दा नवखे लोक हमखास सोडतात. क्लबवर लिहिलेला ‘७’ हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो. पारंपरिक घडणीच्या आयर्नमध्ये सात नंबरचा लॉफ्ट ३४ अंशांच्या आसपास असतो, तर लांब जाण्यासाठी बनवलेल्या आजच्या मॉडेलमध्ये तो २८-२९ अंशांवरही येतो. म्हणून जाहिरातीत ‘सात नंबर वीस यार्ड लांब जातो’ असं म्हणतात, ते खरंही असतं, कारण तो जुन्या हिशेबाने जवळजवळ सहा नंबर असतो. याचा त्रास सेटमधल्या वेजांपाशी, म्हणजे जास्त उताराच्या आखूड क्लबांपाशी, होतो. अशा सेटमधला पिचिंग वेज ४३ अंशांचा आणि तुमच्याकडचा सँड वेज ५६ अंशांचा असेल तर मध्ये १३ अंशांचं भगदाड पडतं. दोन क्लबांत साधारण ४ ते ५ अंशांचं अंतर असावं. सेट मागवण्याआधी सगळ्या क्लबांचे लॉफ्ट वहीत एकाखाली एक लिहा, म्हणजे कुठे वेज कमी पडतोय ते दिसेल.

विक्रेता कोण. मोठ्या संकेतस्थळावर दिसणारा माल पुष्कळदा तिसराच कुणीतरी विकत असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि मालाचा मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. गोल्फचा बहुतेक माल आयात केलेला असतो, त्यामुळे खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी यांचं लेबल हवं. बहुतेक मोठ्या कंपन्यांची हमी अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालालाच लागू होते. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भारतातल्या अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर तिच्यात हे नाव आहे का ते बघा. एक फोन केलात तर आणखी बरं.

परतीच्या अटी पूर्ण वाचा. किती दिवस, प्लास्टिक काढलं तर चालेल का, परतीचं कुरिअर कुणाच्या खर्चाने. ड्रायव्हरचं खोकं चार फुटांच्या आसपास लांब असतं, ते साध्या पार्सलसारखं कोपऱ्यावरच्या कुरिअरवाल्याकडे देता येत नाही.

परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवत असाल तर दिसणाऱ्या किमतीवर सीमाशुल्क, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क चढतं. ‘सर्व कर धरून’ असा आकडा पानावर नसेल तर ऑर्डर देऊ नका. खोकं विमानतळावर अडकल्यावर कळणारा खर्च बचत संपवून टाकतो.

किंमत फारच कमी दिसली तर

नव्या मॉडेलचा ड्रायव्हर सगळीकडे एका किमतीला आणि एकाच ठिकाणी निम्म्याने कमी दिसला, तर तो बनावट धरूनच चाला. बनावट क्लबांचा धंदा इतका मोठा आहे, की अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी २००४ मध्ये त्याविरुद्ध एकत्र गट उभा केला.

हातात आल्यावर तपासायच्या खुणा: शाफ्ट जिथे हेडमध्ये शिरतो त्या नळीवरचा सीरियल नंबर (तो कंपनीला कळवून खात्री करता येते), अक्षरांत भरलेल्या रंगाची सफाई, शाफ्टच्या पट्टीवरचं स्पेलिंग, ग्रिपचा वास आणि चिकटपणा. ड्रायव्हरच्या तोंडाला साधं चुंबक लावून बघा. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, कार्बनलाही नाही. चिकटलं तर तोंड स्टीलचं आहे. तळाच्या वजनाच्या स्क्रूला मात्र खऱ्या क्लबवरही चिकटू शकतं, तेवढ्यावरून घाबरू नका. स्पर्धा खेळणार असाल तर ड्रायव्हरचं मॉडेल गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आरअँडए आणि यूएसजीए या संस्थांच्या मान्य यादीत आहे का तेही शोधून घ्या.

कोणती वस्तू कुठून

आयर्न आणि ड्रायव्हर: पहिल्यांदा घेताना दुकानातूनच. दुसऱ्या वेळी तुमच्याकडे वही आहे, तेव्हा ऑनलाइन चालेल. नियमाने बॅगेत १४ क्लबांपर्यंत नेता येतात, पण पहिल्या वर्षी सात पुष्कळ झाले: एक वूड किंवा हायब्रिड (लांब शॉटचे क्लब), पाच-सात-नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. ड्रायव्हर नंतर. डेकॅथलॉनच्या इनेसिससारख्या सुरुवातीच्या सेटलाही माझी हरकत नाही, फक्त स्टोअरमध्ये जाऊन हातात घेऊन बघा.

पटर: दुकान, आणि त्याला वेळ द्या. ३३, ३४ आणि ३५ इंच अशा तिन्ही लांबीचे उचला. बॉल मारायला उभं राहिल्यावर डोळे बॉलच्या बरोबर वर किंवा किंचित आत यायला हवेत. महागड्या पटरपेक्षा बरोबर लांबीचा पटर जास्त फटके वाचवतो. चाळीस टक्क्यांच्या आसपास शॉट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, जातात, तरी लोक पटर घाईत घेतात, याचं मला वाईट वाटतं.

बॉल: बिनधास्त ऑनलाइन. माप एकच, नियमाने व्यास किमान ४२.६७ मिमी आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. नव्या खेळाडूने दोन थरांचे, कडक आवरणाचे स्वस्त बॉल घ्यावेत. युरेथेन आवरणाचे महागडे बॉल ग्रीनवर थांबवायला असतात, आणि ते कौशल्य यायला वेळ लागतो. तोवर अर्धे पाण्यात नाहीतर झुडपात जातात. डझनाच्या खोक्यात तीन-तीन बॉलची चार छोटी खोकी असतात, ती सीलबंद आहेत ना ते बघा. मैदानावर कॅडींकडे सापडलेले बॉल मिळतात. ते सरावाला छान, आणि तुमचे पैसे थेट त्यांच्या हातात जातात. ऑनलाइन विकले जाणारे ‘रिफिनिश्ड’ बॉल मात्र टाळा. ते वरून पुन्हा रंगवलेले असतात, आत काय झालंय ते दिसत नाही.

ग्लोव्ह: पहिला दुकानात, पुढचे ऑनलाइन तीन-तीनच्या संचात. बोटांच्या टोकाशी कातडं लोंबू नये, तळव्यावर चुणी पडू नये, आणि वेल्क्रो पूर्ण टोकापर्यंत न जाता थोडी जागा उरावी, कारण कातडं पुढे सैल होतं. बोटं आखूड आणि तळवा रुंद असेल तर कॅडेट मापाचा मागा. आपल्याकडे घाम आणि पाऊस दोन्ही. मऊ कॅब्रेटा कातड्याचा ग्लोव्ह जुलैत भिजून वाळला की पापडासारखा कडक होतो. पावसाळ्यासाठी सिंथेटिक वेगळा ठेवा.

बूट: दुकान, संध्याकाळी, खेळताना घालता तेच मोजे घालून. दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि अठरा होल चालल्यावर आणखी. आपल्या पायाचा पुढचा भाग पुष्कळदा रुंद असतो, तेव्हा वाइड मापाची चौकशी करा. पावसात लाल मातीच्या उतारावर मऊ स्पाइक असलेला बूट पकड देतो. कोरड्या महिन्यांत स्पाइक नसलेला चालतो. मॉडेल आणि माप एकदा जमलं की पुढचा जोड ऑनलाइन.

बॅग, छत्री, टी (बॉल ठेवायची खुंटी), टॉवेल, हेडकव्हर: ऑनलाइन. आपल्याकडे बॅग बहुतेक वेळा कॅडी वाहतो, तेव्हा हलकी स्टँड बॅग घ्या, त्याच्या खांद्याचा विचार करा.

रेंजफाइंडर: ऑनलाइन, पण भारतात दुरुस्ती होते का ते आधी विचारून. गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे अंतर मोजायला परवानगी आहे, चढ-उताराचा हिशेब घ्यायला नाही. म्हणून स्लोप बंद करता येणारं मॉडेलच घ्या, नाहीतर स्पर्धेत ते बॅगेत ठेवावं लागेल.

मुलांसाठी: मोठ्यांचे क्लब कापून देऊ नका. ते कडक आणि जड राहतात, मूल ते ओढून ओढून मारतं आणि सवय बिघडते. उंचीप्रमाणे बनवलेला छोटा सेट घ्या, आणि शक्यतो वापरलेला. मुलं दीड-दोन वर्षांत त्यातून मोठी होतात. मैदानावरच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप टाकलात तरी मिळून जातो.

हिशेब पूर्ण मांडा

उदाहरणादाखल आकडे घेते. सात आयर्नचा एक सेट ऑनलाइन ४८,००० रुपयांना, दुकानात ५४,००० ला. सहा हजार वाचले असं वाटतं. सेट घरी आला, लाय बदलायची निघाली: प्रत्येकी ४०० प्रमाणे २,८००. ग्रिप बारीक पडली: नवी ग्रिप आणि मजुरी मिळून प्रत्येकी ९००, म्हणजे ६,३००. एकूण ५७,१००. दुकानात हे बदल किमतीतच धरलेले असतील तर ऑनलाइन सेट ३,१०० रुपयांनी महाग पडला. उलट ग्लोव्हचा हिशेब बघा: दुकानात १,१०० चा एक, म्हणजे तीनचे ३,३००. ऑनलाइन तीनचा संच २,४०० ला. माप माहीत असेल तर इथे ९०० रुपये खरोखर वाचले. तुमचे खरे आकडे घालून हीच बेरीज खरेदीआधी करा.

वापरलेले क्लब, आणि अमेरिकेतून येणारे

सेकंड-हँड क्लब समोरासमोर घ्यावेत. वेजच्या खाचांवरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर खाचा झिजल्यात आणि बॉलला फिरकी कमी मिळेल. हेड एका हातात, शाफ्ट दुसऱ्या हातात धरून हलकेच पिळा, जरा जरी हललं तर चिकटवण सुटलंय. ड्रायव्हर कानाजवळ हलवा, आत खुळखुळतंय का? स्टील शाफ्टवर गंजाचे ठिपके, ग्रॅफाइटवर आडवी चीर, दोन्ही बघा. ग्रिप कडक, चकचकीत झाली असेल तर बदलायचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

ग्रिप बदलताना एकदा शेजारी उभं राहून पाहा. माझ्या दुकानातले काका आकड्यासारख्या पात्याने जुनी ग्रिप उभी चिरतात, खालची टेप गरम करून सोलतात, नवी दुहेरी टेप गुंडाळतात. मग नव्या ग्रिपच्या तोंडात द्रावण ओततात, टोकाचं भोक बोटाने दाबून हलवतात, उरलेलं टेपवर सोडतात, आणि एका दमात ग्रिप सरकन वर चढवतात. पुढचे काही सेकंदच ती फिरते. तेवढ्यात ते एक डोळा मिटून तिच्यावरची रेघ क्लबच्या तोंडाशी जुळवतात. हे काम कुरिअरने येत नाही.

आपल्याकडे घरटी कुणीतरी बे एरियात नाहीतर न्यू जर्सीत असतं, आणि ‘येताना एक ड्रायव्हर आण’ हे सांगणं सोपं असतं. मागवा, पण वही पाठवून. त्यांना मॉडेल, लॉफ्ट, शाफ्ट, हात, सगळं लिहून द्या. ड्युटी-फ्री सामानाची चालू मर्यादा त्यांनी निघण्याआधी तपासावी, बिल जवळ ठेवावं. तिथल्या खरेदीची हमी भारतात चालेल का हे कंपनीला विचारून घ्या. प्रवासात हेडकव्हर घालून, क्लबहेडपेक्षा उंच असा एखादा दांडा बॅगेत उभा ठेवायला सांगा, म्हणजे आदळआपट त्या दांड्यावर निभावते.

खोकं आल्यावर

उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा. शाफ्ट सरळ आहे का ते ग्रिपच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघा. लॉफ्ट, फ्लेक्स, हात, लांबी वहीशी ताडून मगच प्लास्टिकला हात लावा.

माल सदोष, बनावट, वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेला असेल तर ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

सगळं जुळलं तर बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात. आणि वहीत सीरियल नंबर, शाफ्टचं मॉडेल, लाय किती अंशांनी वाकवली ते, आणि ग्रिप चढवल्याची तारीख लिहा. आठवड्यातून दोनदा खेळत असाल तर पुढच्या वर्षी याच महिन्यात ती बदलायची आहे.